ठिगळे पुसण्याआधी ती वाचा : कळमनुरीची जीप आणि ‘मूळ’ या शब्दाचा पेच

(१/२४)
‘जुनी अमेरिकन मोटार’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मरीन ड्राइव्हवरची लांबलचक शेव्हरोले येते, किंवा एखाद्या संस्थानिकाच्या मोटारखान्यातली ब्युइक. कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावाला ही चित्रे लागू पडत नाहीत. आपल्या भागात खऱ्या अर्थाने पोहोचलेली, राबलेली आणि आजही एखाद्या गोठ्याशेजारी किंवा गॅरेजच्या मागच्या अंगाला उभी दिसणारी अमेरिकन वंशाची गाडी म्हणजे जीप. आजचा धागा तिच्याविषयी आहे. त्यातही तिच्या पत्र्यावर पडलेल्या ठिगळांविषयी.

(२/२४)
माझे म्हणणे थोडक्यात असे. जुन्या गाड्यांचा जीर्णोद्धार करण्याची हौस आता लहान गावांतल्या तरुणांपर्यंत पोहोचली आहे आणि ती स्वागतार्ह आहे. परंतु गाडी ‘कारखान्यातून निघाली तशी’ करण्याच्या नादात आपण तिच्यावरची साठ-सत्तर वर्षांची स्थानिक दुरुस्ती खरवडून टाकतो. ती दुरुस्तीच आपल्या भागाचा इतिहास आहे. कारखान्याचा इतिहास टोलेडो आणि माझगावच्या दप्तरांत सापडेल. कळमनुरीचा इतिहास फक्त त्या ठिगळांत आहे.

(३/२४)
आधी पार्श्वभूमी. अमेरिकन मोटार महाराष्ट्रात नुसती बोटीतून उतरली नाही, ती येथे जोडलीही गेली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे सुट्या भागांतून गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला. फोर्डनेही त्याच सुमारास मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे बस्तान बसवले. खोक्यांतून भाग यायचे आणि मुंबईचे कामगार त्यांची गाडी उभी करायचे. म्हणजे ‘अमेरिकन’ गाडीवर मराठी मुलखातल्या हातांचा ठसा अगदी पहिल्या दिवसापासून आहे.

(४/२४)
पुढचे पाऊल वालचंद हिराचंद यांचे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या या उद्योगपतीने मोटार देशातच तयार व्हावी, असा ध्यास घेतला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने त्याला प्रोत्साहन दिले नाही. तरीही १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार झाला आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. डॉज, प्लिमथ, डिसोटो या मोटारी आणि फार्गो ट्रक ही नावे आपल्या आजोबांच्या पिढीला अपरिचित नव्हती.

(५/२४)
जीपचा जन्म युद्धातला. अमेरिकन सैन्याला हलके, चारही चाकांना ताकद देणारे टेहळणीचे वाहन हवे होते. बँटम या लहान कंपनीने १९४० मध्ये पहिला नमुना दिला. पण मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन टोलेडोच्या विलीस-ओव्हरलँडकडे आणि फोर्डकडे गेले. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा तयार केल्या. सपाट पत्रे, सरळ घड्या, उघडी बॉडी : आघाडीवर हातोडी आणि वेल्डिंगच्या जोरावर दुरुस्त करता यावी, असेच हे वाहन होते. खेड्यातल्या लोहाराला ती पुढे इतकी सहज का साधली, याचे एक कारण या घडणीतच आहे.

(६/२४)
युद्धानंतर अमेरिकन सैन्याचा बराच सामान भारतात मागे राहिला आणि विक्रीस निघाला. ‘डिस्पोजलची जीप’ हा शब्दप्रयोग तेव्हाचा. त्याच सुमारास, १९४५ मध्ये, महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी स्थापन झाली. १९४७ मध्ये तिने विलीसच्या सुट्या भागांतील जीपा मागवल्या आणि पुढे मुंबईत माझगाव येथे जोडणी सुरू केली. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. फाळणीची रेघ अशी एका जीपच्या कंपनीवरूनही गेली आहे.

(७/२४)
‘दुरुस्त केलेली जीप’ हा विषय एकदा थेट संसदेत पोहोचला होता. काश्मीरमधील युद्धाच्या वेळी, १९४८ मध्ये, लंडनमधील उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी सैन्यासाठी दुरुस्त करून दिलेल्या जुन्या जीपा घेण्याचा करार केला. त्यातून अवघ्या १५५ जीपा आल्या आणि त्याही वापरण्याजोग्या नसल्याने सैन्याने नाकारल्या. स्वतंत्र भारतातील सुरुवातीच्या मोठ्या घोटाळ्यांत या प्रकरणाची गणना होते. वरचा रंग आणि आतला पत्रा यांत किती अंतर असू शकते, हे देशाने तेव्हाच पाहिले होते.

(८/२४)
मग आले १९५३. प्रशुल्क आयोगाच्या शिफारशीनंतर सरकारचे धोरण ठरले : ज्यांच्याकडे देशातच सुटे भाग तयार करण्याचा कार्यक्रम आहे, त्यांनीच मोटारधंद्यात राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी काढता पाय घेतला. प्रीमियर आणि महिंद्र राहिले. शेव्हरोले व फोर्डच्या मालकांपुढे प्रश्न उभा राहिला की भाग आणायचे कोठून? परकीय चलनाची चणचण होती आणि आयातीवर बंधने होती. त्यामुळे ‘मिळत नाही, तर घडवा’ हा मार्ग हौसेचा राहिला नाही. मुंबईच्या कुर्ल्यापासून तालुक्याच्या गॅरेजपर्यंत सुटे भाग हातांनी घडवण्याची जी परंपरा दिसते, तिला या धोरणाने मोठे बळ दिले.

(९/२४)
आता कळमनुरीकडे येऊ. सप्टेंबर १९४८ पर्यंत हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होते. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात, आणि १ मे १९९९ रोजी स्वतंत्र हिंगोली जिल्हा झाला. गावातून रेल्वे जात नाही. शिवार काळ्या मातीचे. पावसाळ्यात बैलगाडीचे चाकही रुतावे असा चिखल. अशा मुलखात चारही चाकांनी ओढणारे वाहन ही चैन नव्हती. प्रशासनाला बांधापर्यंत जायचे असेल तर त्याच वाहनाने जावे लागे.

(१०/२४)
२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि ‘गट’ हा शब्द ग्रामीण प्रशासनात रूढ झाला. गटविकास अधिकाऱ्याचे वाहन म्हणजे जीप, हे समीकरण देशभर झाले. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. देवीची लस, कुटुंबनियोजनाचा प्रचार, दुष्काळी कामांची पाहणी, निवडणुकीच्या पेट्या, पैनगंगेवरील धरणाची कामे : या साऱ्यांशी सरकारी जीपचे नाते आहे. लिलावात निघाल्यावर तीच जीप शेतकऱ्याची झाली आणि पुढे आठवडी बाजाराला माणसे नेणारी झाली. एकाच चेसिसने तीन आयुष्ये काढली.

(११/२४)
या तीन आयुष्यांच्या खुणा पत्र्यावर कशा उमटतात, ते समजण्यासाठी जीपचे अंग पाहू. पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली, तळपत्र्यातल्या खोलगट जागेत बसते. टाकी आणि पत्रा यांच्यामध्ये चिखल साचतो, तो पावसाळाभर ओला राहतो आणि गंज तेथून सुरू होतो. तळपत्र्याला खालून बळकटी देणाऱ्या टोपीच्या आकाराच्या पट्ट्या असतात. युद्धकालीन जीपांत त्यांच्या पोकळीत लाकूडही बसवलेले असे. लाकूड पाणी धरून ठेवते. म्हणून वरून ठणठणीत दिसणारा तळ खालून चाळणी झालेला आढळतो. अवजारांच्या पेटीचा तळ आणि बॉडी चेसिसला जोडणारे बिंदू ही गंजाची पुढची ठिकाणे.

(१२/२४)
तालुक्याच्या गावात यावर उपाय कोणता होता? कारखान्याचा तयार तळपत्रा मुंबईहून मागवणे म्हणजे दिवस आणि पैसा दोन्ही. त्यामुळे हाताशी असलेला पत्रा कापून बसवला जाई. कोठे रिव्हेट मारलेले, कोठे पितळेची झाळ, कोठे कार्बाइडच्या डब्यावर चालणारे गॅस वेल्डिंग, आणि वीज हाताशी आल्यावर आर्क वेल्डिंग. पातळ पत्र्यावर आर्कचा टाका जळून जाड होतो, गॅसच्या उष्णतेने आजूबाजूचा पत्रा लाटा घेतो. अलीकडच्या मिग वेल्डिंगचा टाका बारीक आणि एकसारखा असतो. जोड पाहूनच ठिगळाच्या वयाचा ढोबळ अंदाज बांधता येतो.

(१३/२४)
इंजिनाची कथा अशीच. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महाग झाले. मोठ्या अमेरिकन मोटारींत आणि जीपांत डिझेल इंजिने बसू लागली. महिंद्रने स्वतःही तोच मार्ग घेतला : प्रथम इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या इंजिनावर आधारलेले डिझेल इंजिन आणि नंतर १९७९ च्या करारानुसार फ्रान्सच्या प्यूजोचे. परिणाम गमतीचा झाला. अमेरिकन सांगाड्याचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे, फ्रेंच इंजिनाचे मिलिमीटरच्या. एका जीपवर काम करायला मिस्त्रीला पान्यांचे दोन संच लागतात. अरबस्तानातला तेलाचा भाव कळमनुरीच्या गॅरेजमधल्या पान्यांच्या पेटीत असा दिसतो.

(१४/२४)
एस.टी.च्या बॉडीचा प्रवास हेच सांगतो. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेल्या पहिल्या बेडफर्ड गाड्यांची बॉडी लाकडी होती. त्यानंतर पोलादी बॉड्या आल्या. पोलाद गंजते, विशेषतः कोकणच्या खाऱ्या हवेत, म्हणून १९६० च्या सुमारास ॲल्युमिनियम आले. या प्रत्येक बदलामागे हवामान, खर्च आणि अनुभव आहे. उद्या कोणी ॲल्युमिनियमची बॉडी काढून ‘मूळ’ लाकडी बॉडी चढवली, तर १९४८ ची प्रतिकृती मिळेल; आणि कोकणाने महामंडळाला शिकवलेला धडा हातचा जाईल.

(१५/२४)
आता आजची परिस्थिती. युद्धकालीन विलीसला बाजारात मान आणि किंमत जास्त. म्हणून माझगावच्या जीपला विलीसचे सोंग दिले जाते. येथे काही खुणा ध्यानात ठेवा. युद्धकालीन जीपच्या पुढच्या पत्री जाळीला नऊ फटी असतात, नागरी जीपला सात. विलीसच्या युद्धकालीन सांगाड्याची पुढची आडवी दांडी गोल नळीची, फोर्डची उलट्या ‘यू’ आकाराची. युद्धकालीन जीपला मागे उघडणारे फळके नसते. आणि आपल्याकडे विपुल असलेल्या सीजे-३बी या १९५३ च्या नमुन्याचे बॉनेट उंच असते. कारण त्या इंजिनाच्या आत हवा घेणाऱ्या झडपा माथ्यावर गेल्या आणि इंजिनाची उंची वाढली.

(१६/२४)
हे उंच बॉनेट ‘कुरूप’ म्हणून कापले जाते, जाळी बदलली जाते, पांढरा तारा रंगवला जातो. हरियाणातील मंडी डबवालीसारख्या ठिकाणी जुन्या जीपांवर नव्या बॉड्या चढवण्याचा मोठा व्यवसाय आहे आणि तेथील कारागिरांचे कौशल्य वादातीत आहे. प्रश्न कौशल्याचा नाही. सीजे-३बी ही स्वतंत्र भारताच्या खेड्यांनी पाहिलेली जीप आहे. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेली नव्हे. तिला नऊ फटींची जाळी लावणे म्हणजे आपल्या आजोबांच्या छायाचित्रावर एखाद्या जनरलचा चेहरा चिकटवणे. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत फेरबदलांना आडकाठी करते, हे वेगळेच.

(१७/२४)
कायद्याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि मोठा फेरफार न झालेले दुचाकी वा चारचाकी वाहन त्यांत बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. नियम उपयुक्त आहे, त्याने पहिल्यांदाच या गाड्यांना वारशाची ओळख दिली. पण ‘मूळ स्वरूप’ याचा अर्थ काय? महालाच्या छताखाली राहिलेली ब्युइक ही कसोटी सहज पार करील. डिझेल इंजिन बसलेली, तीनदा तळ बदललेली जीप अडखळेल. राबलेली गाडी राबल्यामुळेच बाद ठरावी, हे इतिहासाच्या दृष्टीने उफराटे आहे.

(१८/२४)
या बाबतीत जग आपल्यापुढे गेले आहे. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी १९६४ ची व्हेनिस सनद आहे; तिच्या धर्तीवर ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. तिचा रोख असा की वाहनाच्या आयुष्यात पडलेल्या खुणाही त्याच्या इतिहासाचा भाग आहेत. आपल्याला हे सांगायला ट्युरिनची गरजही नाही. औंढ्याच्या नागनाथाचे देऊळ पाहा. खालचे कोरीव दगडी काम प्राचीन, वरचा भाग नंतरच्या जीर्णोद्धाराचा, ज्याचे श्रेय अहिल्याबाई होळकरांना दिले जाते. दोन काळांतला जोड उघड दिसतो. ‘मूळ’ रूपासाठी वरचा भाग उतरवा, असे कोणी म्हणत नाही.

(१९/२४)
क्यूबाचे उदाहरणही बोलके आहे. १९५९ च्या क्रांतीनंतर अमेरिकेने व्यापारबंदी घातली आणि हवानातल्या अमेरिकन गाड्या सोव्हिएत भागांवर, परक्या डिझेल इंजिनांवर आणि घरगुती युक्त्यांवर चालत राहिल्या. त्या गाड्या जगभर ओळखल्या जातात त्या या जुगाडासह. फिलिपीन्समध्ये युद्धातल्या जीपांना लांब बॉडी जोडून ‘जीपनी’ झाली आणि ती त्या देशाची खूण ठरली. आपल्याकडची आठवडी बाजाराची जीप या कुळातलीच आहे; फरक एवढाच की आपण तिच्याकडे अजून इतिहास म्हणून पाहिलेले नाही.

(२०/२४)
एक रास्त आक्षेप येथे घेतला जाईल. गंज म्हणजे इतिहास नव्हे, तो रोग आहे. आणि वाईट वेल्डिंग जीव घेऊ शकते. हे पूर्णपणे मान्य. ब्रेक, स्टीअरिंग, चाकांची बेअरिंग, चेसिसच्या तडा यांच्याबाबत जतनाचा हट्ट धरणे हा गुन्हा ठरेल. तेथे नवा, खात्रीचा भागच हवा. शिवाय सगळी ठिगळे कौतुकाची नसतात. गंजावर थापलेली पुट्टी आत ओल धरते आणि उरलेला पत्राही खाते. माझा आग्रह सारे जसेच्या तसे ठेवण्याचा नाही. काढण्यापूर्वी वाचा, नोंदवा; आणि जे निरुपद्रवी आहे ते राहू द्या.

(२१/२४)
वाचायचे कसे? रंग खरवडण्यापूर्वी नाण्याएवढ्या जागेवर बारीक पॉलिश पेपरने हळूहळू घासा. झाडाच्या खोडावरच्या वर्तुळांसारखे रंगाचे थर उघडतात : कारखान्याचा रंग, खात्याचा रंग, लिलावानंतरचा रंग. त्याचे पट्टी ठेवून छायाचित्र घ्या. दारालगत पुसट झालेली खात्याची अक्षरे, मागचे ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’, आसनांसाठी पाडलेली जादा भोके, ताडपत्रीचे हूक यांची नोंद करा. चेसिस क्रमांकावर ग्राइंडर कधीही फिरवू नका. काढलेला प्रत्येक तुकडा चिठ्ठी बांधून ठेवा. आरसी बुकातली जुनी नावे आणि लिलावाची पावती मिळाली तर ती पत्र्याइतकीच मोलाची.

(२२/२४)
पत्रेकामाविषयी चार गोष्टी. वेल्डिंगपूर्वी पेट्रोलची टाकी गाडीतून पूर्ण काढून दूर ठेवा. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची. तळ कापण्यापूर्वी बॉडीला आतून तिरपे आधार द्या आणि ती चेसिसवर बोल्टने बसवूनच जोड करा, नाहीतर चौकट पिळवटते. गंज खरा पत्रा लागेपर्यंत कापा. नवा तुकडा कडेला कड लावून, लांब लांब टाके घेत, प्रत्येक वेळी थंड होऊ देत जोडा. एकावर एक चढवलेल्या जोडात पाणी शिरते. उठलेला पत्रा हातोडी आणि डॉलीने बसवा, पुट्टी फक्त अखेरच्या पातळ थरापुरती. पाणी जाण्याची मूळ भोके बुजवू नका. आणि नव्या तुकड्याच्या आतल्या बाजूस वर्ष कोरा, म्हणजे पुढच्या वाचकाची फसगत होणार नाही.

(२३/२४)
सुट्या भागांबाबत माझे मत स्पष्ट आहे : माझगावच्या जीपला भारतीय भागच ‘मूळ’ आहेत. परवान्याने तयार झालेली असल्याने तिचे अनेक भाग अमेरिकन सीजेशी जुळतात, पण सीजेचा टी-९० गिअरबॉक्स आणि युद्धकालीन जीपचा टी-८४ एकच समजू नका. परदेशातून चकचकीत बॉडी मागवण्याआधी नांदेड-हिंगोलीच्या जुन्या दुकानांत, कुर्ल्याच्या भंगारबाजारात आणि पडून असलेल्या जीपांत शोधा. या आकाराची मालकी कोणाची, हा वाद अलीकडचाच आहे. महिंद्रच्या ‘रॉक्सर’ गाडीविरुद्ध फियाट क्रायस्लरने २०१८ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. २०२० मध्ये जुन्या रूपातील रॉक्सरवर बंदी आली आणि रूप बदलल्यावर विक्रीची मुभा मिळाली. ज्या आकाराला तेथे परके ठरवले गेले, तो आपल्या खेड्यांनी १९४७ पासून वापरून आपलासा केला आहे.

(२४/२४)
म्हणून दोन मागण्या. शासनाकडे ही की २०२१ च्या नियमांत ‘मूळ स्वरूप’ याची व्याख्या करताना त्या काळात झालेल्या आणि नोंदवलेल्या दुरुस्तीला, इंजिनबदलाला मान्यता द्यावी. आणि तरुण मित्रहो, तुमच्याकडे ही की आपल्या गावातली एक जुनी जीप निवडा आणि तिला हात लावण्याआधी तिची वही करा. ज्यांनी ती चालवली, ज्यांनी तिचा पत्रा ठोकला, त्यांच्यापैकी जे हयात आहेत त्यांच्याजवळ बसा. कोणते ठिगळ कोणत्या पावसाळ्यानंतर पडले, ते विचारा. पत्रा पुन्हा मिळेल. ते सांगणारा माणूस मात्र फार वर्षे थांबणार नाही, तेव्हा वहीचे काम पावसाळ्याआधी सुरू करा.